पानाच्या शेवटची दीड ओळ

मित्रांनो, तीन पाय, एक मान आणि आवाज मुळीच नाही, असा मी वाद्यवृंदातला, वादकांपुढे नोटेशनचं म्हणजे लिहिलेल्या सुरांचं पुस्तक धरणारा लोखंडी स्टँड आहे. सध्या मी सामानाच्या खोलीत उभा असतो आणि माझ्यावर कुणाचा तरी रेनकोट वाळत असतो. रेनकोटाचं एक बरं आहे, तो मधेच उलटावा लागत नाही.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे दवाखान्यातले सलाइनचे स्टँडही बनत. मी थोडक्यात वाचलो. तिकडे गेलो असतो, तर "अजून किती राहिलंय?" हेच आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. अर्थात श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेतून ते इथेही ऐकू येतं.

मला पहिल्या रांगेत, अगदी पुढे जागा मिळाली. आमच्याकडे एका स्टँडमागे दोन व्हायोलिनवादक बसतात. श्रोत्यांकडची खुर्ची बाहेरची, दुसरी आतली. पान संपत आलं की आतल्या खुर्चीने गज तारांवरून उचलायचा आणि पान उलटायचं. बाहेरच्या खुर्चीने वाजवत राहायचं. श्रोत्यांना काही कळत नाही.

माझ्यामागे दोन सख्ख्या बहिणी बसत. ताई बाहेर, धाकटी आत. ताई मुख्य वादक, त्यामुळे एकटीने वाजवायचे तुकडे, फुलं आणि टाळ्या तिच्याकडे. धाकटीकडे पानं. ती गज हातात तसाच ठेवून दोन बोटांनी कोपरा धरायची आणि पान असं उलटायची की मलासुद्धा कळू नये. प्रत्येक पानाच्या शेवटची दीड ओळ मात्र तिची राहून जायची. सव्वीस वर्षांत किती दीड ओळी झाल्या, मला सांगता येणार नाही. लोखंडाला गणित येत नाही आणि धाकटीने मोजल्या नाहीत.

एकदाच ती म्हणाली, "ताई, आज मी बाहेर बसू? एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाजवून बघते."

"बस की! पण पान कोण उलटणार? मी?" ताई हसली. "मेलं माझ्याच्याने दोन पानं एकदम उलटतात गं. काठीवाले फाडून खातील मला."

काठीवाले म्हणजे आमचे संचालक. ताईचं हे म्हणणं म्हणजे शुद्ध बहाणा, असं धाकटीला वाटलं. मलाही वाटलं. विषय मिटला.

मग ताईची बोटं आखडायला लागली. आधी सकाळची, मग दिवसभर. शेवटी तिने खुर्ची सोडली. काठीवाले धाकटीला म्हणाले, "रविवारी दुपारच्या कार्यक्रमात बाहेर बसा. एकटीने वाजवायचा तुकडा नीट झाला, तर खुर्ची तुमची."

मित्रांनो, आठवडाभर ती सगळ्यांच्या आधी येऊन त्या एका तुकड्याचा सराव करत होती. तुकडा पानाच्या तळाशी सुरू होऊन पुढच्या पानावर संपायचा. तिने दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि माझ्यावर शेजारी शेजारी लावल्या. उलटायचा प्रश्नच नको! सुंदर वाजवायची. तालमीत तो तुकडा आला, तेव्हा काठीवाले म्हणाले, "हा तुमचा तुम्ही बघालच. पुढे चला." वेळ वाचला.

झेरॉक्स सरावापुरत्या होत्या; रविवारी माझ्यावर मूळचं पुस्तक होतं. आतल्या खुर्चीत एक नवी, तरतरीत मुलगी. ताई श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत, हात शालीत लपवून. बाकीचे सगळे थांबले. धाकटी एकटी वाजवू लागली, आणि मला माझ्या लोखंडाचा अभिमान वाटला. पानाची शेवटची दीड ओळ आली. तिचा गज तारांवरून उचलला गेला. हात पुढे आला. पानाच्या कोपऱ्यावर नव्या मुलीची दोन बोटं आधीच होती. त्यांवर धाकटीची दोन बोटं टेकली.

सभागृहात काहीच वाजत नव्हतं.

पान उलटल्यावर तिने पुढचं नीट वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर काठीवाले जवळ येऊन अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही आतच छान दिसता हो."

सगळे गेल्यावर ताई स्टेजवर आली.

"दरवेळी एवढं सोडत होतीस?"

"तू वाजवत होतीस ना. ऐकू कसं येणार?"

ताई आतल्या खुर्चीत बसली. "वाजव. मी उलटते."

"राहू दे गं, ताई."

"वाजव म्हणते ना."

धाकटीने पुन्हा सुरुवात केली. दीड ओळ आली, आणि या वेळी ती थांबली नाही. पूर्ण वाजवली. ताईने आखडलेल्या बोटांनी कोपरा पकडला, निसटला, पुन्हा पकडला आणि पान उलटलं.

दोन पानं एकदम उलटली.

ताई तेव्हा खरं बोलली होती तर. धाकटीने व्हायोलिन मांडीवर ठेवलं. समोर भलतीच ओळ होती आणि पान परत फिरवायला दोघींपैकी कुणाचाही हात पुढे आला नाही.

पुढच्या महिन्यापासून धाकटी येईनाशी झाली. नव्या लोकांना नवे, हलके स्टँड मिळाले.

मित्रांनो, माझ्या स्क्रूला तेल घाला, असं मी म्हणणार नाही. गंजाची सवय होते. पण तुमच्या घरात, वर्गात कुणीतरी तुमची पानं उलटत असेल. त्याचं काय वाजवायचं राहिलंय, ते त्याला विचारा. आणि पान उलटायला जरा लवकर शिका. बोटं आहेत तोवर.