साक्षीची ओढणी

सुपरवायझर साक्षीनं सुलाबाईच्या तळहातावरून आपली जांभळी ओढणी ओढली, तर ती बाभळीला अडकावी तशी तिथंच अडकली.

"खरबरीत! बाजूला व्हा मावशी. पुढची!"

निफाडकडच्या त्या द्राक्षाच्या पॅकहाउसातून माल परदेशी जायचा. मण्यावरची पांढरट लव पुसली गेली तर तिकडची माणसं तोंड वाकडं करतात, म्हणून आत मऊ हातच पाहिजेत.

"अगं, ह्याच मालकाच्या बागेत झाले असे," सुलाबाई म्हणाली. "सात सालं घड औषधात बुडवले. तवा कुणी ओढणी नाय फिरवली."

"बागेत चालतात. इथं नाय."

मागं शेजारीण आबिदा होती. तिच्या हातानं तर ओढणीचा धागाच उपसला. दोघी आल्या वाटेनं परत.

आबिदाला बागेतलं काम तरी होतं. सुलाबाईला उन्हात भोवळ यायची. महिन्यात दोनदा वेलीखाली आडवी झाली होती. डॉक्टर म्हणाला, ऊन बंद करा. जसं काय उन्हाचं बटण हिच्याच घरात होतं. सावलीचं काम गावात एवढं एकच.

घरी कारभारी म्हणाला, "तीस वर्षं सांगतोय. तुझा हात पाठीवर फिरला की खाज जाती, संगं कातडंबी जातं."

"मग लगीन करताना नाय तपासले?"

"तवा माझ्याकडं ओढणी नव्हती."

सांजेला आबिदा वाटीभर साय घेऊन आली. "दोघींना पुरायची नाय. तुला भोवळ येती, तू लाव."

"आन तू?"

"मला नुसता घाम येतो."

चार दिवस सुलाबाईनं पाण्याला हात लावला नाही. भांडी, धुणं, भाकरी, सगळं कारभाऱ्याकडं. त्याची भाकरी इतकी जाडीभरडी, की चावताना बोलणं व्हायचं नाही. घरात शांतता नांदली.

पाचव्या दिवशी ओढणी सर्रकन निघाली. सुलाबाई आत गेली, तर हातात पातळ हातमोजे आले.

"हे कशाला?"

"समद्यांनी घालायचे. उघड्या हातानं मण्याला शिवायचं नाय. नियम हाय."

"मग हात कशाला तपासले, बाई?"

साक्षीनं जरा विचार केला. "तोबी नियमच हाय."

दिवसभर पंख्याखाली सुलाबाईनं घड भरले. मऊ हात मोज्यात नुसतेच घामेजले. खिडकीतून समोरची बाग दिसायची. रणरणत्या उन्हात आबिदाचा पिवळा पदर एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकत होता. सुट्टी झाली तेव्हा सुलाबाईनं मोजे टाकले नाहीत, कनवटीला खोचले.

सकाळी तिनं आबिदाला ओढतच आणलं.

"पुन्हा इज्जत काढायला?"

"गप उभी ऱ्हा." फाटकाशी येताच तिनं मोजे काढून आबिदाच्या हातात चढवले. "हां साक्षी. आता फिरव."

"असं चालत नाय, मावशी."

"आत तर असंच चालतं ना? का आत दुसरीच द्राक्षं हायेत?"

रांगेत खसखस पिकली. साक्षीनं मागं पाहिलं, मालक अजून आला नव्हता. तिनं ओढणी फिरवली. अडकली नाही. आबिदाचं नाव तिनं मान वर न करता लिहिलं.

आबिदा आत जायला वळली, तसा मागून आवाज आला, "ए सुलाबाई, ते मोजे इकडं दे."

मोज्यांची जोड एकच होती. ती रांगेत मागं मागं सरकत गेली.