काळ्या गाडीवरचं स्वस्तिक

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी काकडा आरती आटोपून मी घरी आलो, तर आमच्या वहिनी अंगणात रविराजच्या गाडीपुढे उभ्या होत्या. एका हातात ओल्या राखेची वाटी, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी.

"काय झालं वैनी?"

"भाऊजी, म्या काय करून बसले बगा."

मी बॉनेटकडे पाहिलं.

रविराज म्हणजे मुक्ताबाई वहिनींच्या थोरल्या भावाचा मुलगा. पुण्यात नोकरीला असतो. सप्ताहाला दरवर्षी येतो, यंदा गाडी घेऊन आला. दोनच दारं, जमिनीला टेकलेली, आणि रंग असा काळाभोर की जणू गाभाऱ्यातल्या मूर्तीला नुकतंच तेल लावलंय. जुनीच घेतलेली, पण पहिल्या मालकाने जिवापाड जपलेली. "मामा, अजून कंपनीचाच रंग आहे, कुठं दुसरा हात लागलेला नाही," असं तो मलाच चार वेळा सांगून गेला होता.

आल्या आल्या वहिनींनी पूजा केली. चाकाखाली लिंबं, पुढं नारळ, आणि बॉनेटवर हळद-कुंकू कालवून वीतभर स्वस्तिक. रविराज फडकं घेऊन पुसायला निघाला, तर वहिनींनी हात धरला. "गाडीचं कुंकू पुसायचं नसतं रे. त्याचं ते जाऊ द्यायचं." आत्याचा शब्द म्हणून पोरानं फडकं खाली ठेवलं. दोन दिवस गाडी माघाच्या उन्हात तापली आणि ते ओलं कुंकू बॉनेटमध्ये मुरलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनी देवळातल्या समया घासून आल्या. गावात सप्ताह सुरू झाला तेव्हापासून, एकतीस वर्षं, ते काम त्यांचंच. दोन समया, पंचारती, धुपाटणं; राख आणि शेंडी घेऊन बसल्या की पितळ सोन्यासारखं करून उठायच्या. रविराज झोपला होता. वहिनींना वाटलं, उठायच्या आत पोराची गाडी धुऊन ठेवू. पाण्यानं स्वस्तिक जाईना. हातात राख होतीच. देवाची समई जिनं उजळते, तिनं पोराची गाडी का उजळू नये?

उजाडलं तेव्हा अख्खं बॉनेट राखाडी दिसत होतं. वर गोल गोल ओरखड्यांचं जळमट, आणि त्याच्या खालून ते लाल स्वस्तिक जसंच्या तसं.

रविराज उठून आला. गाडीभोवती एक फेरी मारली. मग डिकीतून कापडी आच्छादन काढलं, गाडीवर घातलं आणि म्हणाला, "असू दे आत्या." ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी वहिनींनी राखेचा डबा भजनातल्या रतनबाईकडे पाठवून दिला. "आजपासून समया तू घास. माझ्या हाताला आता देवाचं भांडं न्हाई." कीर्तनालाही मंडपात बसल्या नाहीत, बाहेर चपलांपाशी बसल्या. मी मृदंगावर होतो. महाराजांनी गजर धरला, हजार टाळ एकदम उसळले, आणि माझी नजर त्या पांढऱ्या पदराकडे गेली. एकतीस वर्षांत माझा हात पहिल्यांदा समेवर चुकला.

आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. काल्याला वहिनींच्या हातची समई लागली नाही, तर ती पुन्हा कधीच लागणार नाही, हे मी ओळखून होतो. या बाईचा हट्ट मला ठाऊक आहे. माझे थोरले भाऊ, तिचे यजमान, गेले तेव्हापासून तिनं चहात साखर घातलेली नाही.

सहाव्या दिवशी मी जवळच्या कडा गावी अनिलकडे गेलो. अनिलच्या वडिलांसोबत मी शाळेत होतो. पोरगा पुण्यात सहा वर्षं गाड्यांच्या पॉलिशच्या कामात होता, आता कड्याला रस्त्याच्या कडेला त्याचं पत्र्याचं शेड आहे. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली ओळीनं टांगलेले मऊ रुमाल.

"रामकृष्ण हरी, मृदंगवाले काका!"

"जयभीम, अनिल. एक नाजूक काम हाय."

ऐकता ऐकता त्याला हसू फुटलं, मग वहिनींचं समयांचं ऐकलं आणि हसू थांबलं. "उद्या पहाटेच आणा," तो म्हणाला. "उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत. एकदा धुरळा उडला की काळ्या गाडीचं काम संपलं."

रविराज तयार नव्हता. "मामा, मी पुण्याला फोटो पाठवले होते. ते म्हणाले, बॉनेट पूर्ण रंगवावं लागेल. मग राहिला कुठं कंपनीचा रंग? कड्यात काय होणारंय?"

"न्हाई झालं तर पुन्याला ने. पर एकदा दाखव."

वहिनींना मी बळंच गाडीत बसवलं. दोनच सीटा, त्यामुळे मी मोटारसायकलवर मागून. शेडपाशी उतरताना वहिनींना त्या खोल सीटमधून उठवायला दोघं लागले. "अगं बाई, ही गाडी हाय का पाट!" इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा काही बोलल्या.

अनिलनं शेडमध्ये पाणी शिंपडून जमीन ओली केली होती, दाराला भिजवलेली बारदानं लावली होती. आधी त्यानं बॉनेट नुसत्या फेसानं धुतलं, हात न लावल्यासारखं. मग बॅटरीचा झोत तिरपा पाडला. एकेक ओरखडा केसासारखा उठून दिसला. वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

मग रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र त्यानं बॉनेटवर जागोजागी टेकवलं.

"साहेब, काळ्या रंगावर काचेसारखा एक थर असतो. ओरखडे त्यातच हायेत. कुंकूबी त्यातच मुरलंय. खालचा काळा शाबूत हाय. वरचा थर इतका बारीक घासायचा, की ओरखड्याचा तळ येईल अन् थर शिल्लक राहील."

"आणि थर संपला तर?"

"मग रंगवायचं. रंगवणं सोपं असतंय. हाय ते राखणं अवघड."

काम सुरू झालं. मशीनच्या टोकाला फोमची गोल चकती, तिच्यावर चार थेंब पांढरं औषध. अनिलनं एका वेळी हातभर चौकोन घेतला, आडव्या चालीनं सावकाश गेला, मग उभ्या चालीनं परत. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो. खरं सांगतो, मला ते मशीनचं गुणगुणणं कीर्तनासारखं वाटलं. पहिली चाल ठाय लयीतली, संथ आणि भरदार. दुसऱ्या चकतीला ती हलकी झाली. तिसऱ्याला नुसता नाद उरला. चांगला कीर्तनकार असाच सुरुवातीला घाई करत नाही.

एक चौकोन पुसला आणि रविराज पुढं वाकला. त्या हातभर जागेत शेडचं छत दिसत होतं, पत्र्याच्या नळ्या मोजता येतील असं. बाजूला राखाडी जळमट, मधे विहिरीचं पाणी.

"आईशपथ," तो म्हणाला.

साडेनऊपर्यंत सगळं बॉनेट झालं. एक जागा सोडून. बॉनेटच्या मधोमध एक उंचवट्याची धारदार रेघ जात होती आणि स्वस्तिकाचा एक हात नेमका तिच्यावर आडवा आला होता. तिथली लाली तशीच होती. अनिलनं तिथं मोजायचं यंत्र टेकवलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"हितं थर निम्माच हाय. धारेवर कंपनीतूनच पातळ बसतोय. मशीन लावलं तर काळा उघडा पडंल." त्यानं बोटाला रुमाल गुंडाळला, औषध लावलं आणि हातानं घासायला लागला. पाच मिनिटांनी पुसलं. लाली तेवढीच, वर एक नवी बारीक पांढुरकी रेघ.

अनिल थांबला. रविराजनं मान फिरवली. सगळं बॉनेट आरसा आणि मधोमध करंगळीएवढा लाल डाग.

तेव्हा मागून आवाज आला.

"तू लई दाबतुयास रे."

वहिनी उठून उभ्या होत्या. अनिलनं वळून पाहिलं.

"समईच्या मोराची मान असती," त्या म्हणाल्या, "तिला असं दाबलं तर वाकती. अंगठ्याच्या गादीनं धरायचं. आपण जोर करायचाच न्हाई, जे लावलंय त्यालाच काम करू द्यायचं. तुजा हात मशीनीला सवकलाय."

"खरंय मावशी. दिवसभर मशीन धरून हात जड झालाय." मग तो सहज बोलला, "दाखवता?"

"न्हाई बाबा! आधीच काय कमी करून ठिवलंय?"

"गाडीवर नका. यावर दाखवा." त्यानं कोपऱ्यातून एका भंगारातल्या जीपचं दार ओढून आणलं. त्यालाही अशीच एक धार होती. वहिनींच्या अंगठ्याला त्यानं नवा रुमाल बांधला, थेंबभर औषध दिलं.

वहिनी दारापुढं मांडी घालून बसल्या, अगदी देवळाच्या ओट्यावर बसतात तशा. अंगठा धारेवरून जाऊ लागला. एवढा हलका, की मला वाटलं नुसताच फिरतोय. अनिल यंत्र घेऊन बसला. थोडं झालं की मोजायचा, थोडं झालं की मोजायचा. दहा मिनिटांनी त्यानं पुसलं, झोत टाकला. धार लखलखत होती आणि यंत्रावरचा आकडा जेमतेम एकानं हलला होता.

"मावशी, मला पुण्यात हे शिकायला दोन वर्षं लागली, तरी असा हात आला न्हाई." मग तो रविराजकडे वळला. "गाडी तुमची हाय साहेब. तुमी बोला."

रविराज आत्याकडे वळला.

"आत्या, कर."

"पुन्हा काय झालं तर?"

"तर पुण्यात रंगवू. पण तूच कर."

"पोरा, त्या दिवशी याच हातानं..."

"चूक राखंची व्हती मावशी," अनिल मधेच म्हणाला. "हाताची कावून म्हणता?"

वहिनींनी गाडीला हात जोडले. अंगठा टेकला. बाहेर पहिला उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून गेला, अनिलनं धावत जाऊन बारदानं आणखी भिजवली. मला समोर फक्त तो अंगठा दिसत होता, आणि वहिनींचे हलणारे ओठ. नाम घेत होत्या. चौथ्यांदा मोजलं, पाचव्यांदा मोजलं. थर होता. लाली गुलाबी झाली, मग नुसती सावली उरली.

"बास," अनिल म्हणाला. "आता पुसा. तुमीच."

पुसलं. झोत टाकला. काही नव्हतं.

"असं न्हाई," अनिलनं चावी मागितली. "बॅटरी फसवती. उन्हात काढू. ऊन कुणाची भीड ठिवत न्हाई."

बारदानं बाजूला झाली आणि गाडी उन्हात आली. मी आयुष्यात पुष्कळ गजर ऐकलेत, पण बिनआवाजाचा गजर त्या दिवशी पाहिला. बॉनेटमध्ये अख्खं आभाळ उतरलं होतं. रस्त्यापलीकडचा लिंब, विजेची तार, तारेवरचे दोन होले, सगळं स्वच्छ. मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद करून ट्रॅक्टर थांबवला. "कोण रे आलंय? कुना पुढाऱ्याची हाय का?"

"माझ्या आत्याची!" रविराज ओरडला.

वहिनी बॉनेटवर वाकल्या. तिथं त्यांना आपला चेहरा दिसला, कपाळावरचं गोंदणसुद्धा. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, रतनबाईकडनं डबा आणा. किती वाजले? सांजच्या आत पंचारतीबी घासून झाली पायजे. तिनं समयांचे डाग तसंच ठिवलेत, मला लांबूनच दिसत व्हते!"

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात समया अशा उजळल्या होत्या, की महाराजांनी मंडपात येताच आधी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी पहिल्या ओळीत. अनिललाही रविराजनं हात धरून आणलं होतं. गजर चढला, माझा हात एकदाही चुकला नाही, आणि दहीहंडी फुटली तेव्हा सगळा मंडप एकाच पायावर नाचत होता.

संध्याकाळी रविराज निघाला; वाटेत कड्याला उतरायचं म्हणून अनिलही सोबत होता. शेजारची वनमाला कुंकवाचं तबक घेऊन धावत आली आणि सवयीनं तिनं बोट बॉनेटकडे नेलं.

"थांब!" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

वहिनींनी तिच्या हातातून तबक घेतलं, पदर खोचला, खाली बसल्या आणि पुढच्या चाकाच्या रबराला ठसठशीत कुंकू लावलं.

"देवाला काय," त्या म्हणाल्या, "हितनंबी पोचतंय."