भिंतीतला गोल गोटा

अप्पांना मी तीनदा बजावलं होतं, आज बेटावर येऊ नका. माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती आणि बेटावरच्या उद्यानाच्या प्रमुख मॅडम स्वतः माझ्या फेरीत चालणार होत्या. त्यांच्या वहीत बरं उतरलं तर गाइडची नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा तिकीटखिडकी. पण माझे वडील ते! बोटीत बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्याच बाकावर हजर.

"तिकीट काढून आलोय," ते म्हणाले. "ओळखसुद्धा दाखवणार नाही."

आणि लगेच शेजारच्या बाईंना, "ती गाइड आहे ना, ती माझी मुलगी."

चढणीच्या पायवाटेवर माझी गाडी मस्त सुटली. पाण्याच्या टाक्यापाशी लोक हसले, दारूकोठारापाशी चिडीचूप झाले. एक जाडजूड गृहस्थ दर वळणावर "आलं का?" विचारत होते आणि मी दर वळणावर "हे काय, आलंच" म्हणत होते. मॅडमची पेन्सिल भराभरा चालली होती.

माथ्यावर जुन्या किल्ल्याची भिंत आहे. तो माझा हुकमी एक्का.

"डोक्यावरून तोफगोळे जात असताना शिपायांनी हा एकेक दगड रचला! दोनशे वर्षांत जागचा हलला नाही!"

उद्यानाच्या पुस्तिकेत भिंत शिपायांची, दोनशे वर्षांची, एवढंच होतं. तोफगोळे माझ्या पदरचे.

सगळे माना वर करून बघत होते. अप्पा मात्र डाव्या कोपऱ्याला पाठ टेकून उभे, चोरी लपवल्यासारखे. मी जवळ गेले.

"सरका जरा."

"अगं, बोल ना तू पुढचं."

"अप्पा, सरका."

त्यांच्या पाठीमागे चौकोनी दगडांत एक गुळगुळीत गोल गोटा बसवलेला होता. अप्पा गवंडी. बांधलेल्या प्रत्येक भिंतीत डाव्या कोपऱ्याला असा एक गोटा घालायची त्यांची खोड. आमच्या स्वयंपाकघरातही आहे.

"वादळात पडली होती गं," ते कुजबुजले. "आम्ही चौघांनी उभी केली, तू जन्मायच्या आधी. जाऊ दे. नोकरी पक्की होऊ दे आधी."

पाहुण्यांना घरातलं कपाट दाखवतानाही मागची भिंत आपण बांधली हे सांगणारा माणूस, आज माझ्यासाठी एवढी मोठी भिंत गिळून बसला होता. मी गप्प राहिले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"मंडळी, मी आत्ता चुकीचं सांगितलं," मी म्हणाले. "शिपायांनी बांधलेली भिंत वादळात पडली. ही माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी पुन्हा उभी केलीय."

मॅडमची पेन्सिल थांबली. "पुस्तिका आमच्याच ऑफिसने छापलीय," त्या म्हणाल्या. मग अप्पांकडे वळल्या. "खालचे दगड जुने वाटतात. तुमचं काम कुठून सुरू होतं?"

झालं! अप्पांना कुणी विचारायचाच अवकाश होता. गुडघ्यापर्यंतचे थर शिपायांचे, वरचे आमचे. समुद्रात गेलेले दगड दोरांनी कसे ओढले, चुना किती दिवस मुरवला, कुणाच्या पायावर काय पडलं. जाडजूड गृहस्थ तर मांडी घालूनच बसले. खाली बोट भोंगा वाजवून वाजवून दमली.

"पुढच्या महिन्यापासून तुम्ही पक्क्या," उतरायच्या आधी मॅडम मला म्हणाल्या. "फक्त ते तोफगोळे जरा आवरा."

मग त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. "इथला फलक बदलायला हवा. चौघांची नावं सांगा."

तीन नावं अप्पांनी घडाघडा सांगितली, कोण कुठला आणि कुणाचा हात किती सफाईचा, सगळ्यासकट. आणि थांबले.

"चौथं?"

अप्पा खाली मान घालून शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिले.

चौथं मीच सांगितलं, गरज होती त्यापेक्षा बरंच मोठ्याने.