चार उतारू झाले की

"पाच मिनिटं, मावशी! धुकं अजून नीट बसलं नाही. त्यांना म्हणावं, पाचच मिनिटं थांबा."

मावशीने मान डोलावली, पण धक्क्याकडे काही गेली नाही. नावाड्याला थांबवायचं म्हणजे काय, हे या माणसाला कोण सांगणार? एकदा वल्हं हातात घेतलं की तो कुणाचा नवरा नसे आणि कुणाचं ऐकत नसे.

काठावर तीन ट्रायपॉड उभे होते आणि त्यांच्यामागे तीन माणसं वाकून उभी होती. त्यांच्यातल्या म्होरक्याला बाकीचे दोघं 'सर' म्हणत. मावशीने मात्र मनात त्याचं नाव 'पाच मिनिटं' ठेवून टाकलं होतं. काल जेवायला हाक मारली तर पाच मिनिटं, दिवा मालवायचा तर पाच मिनिटं. फोटोवाल्यांच्या तिने तीन जाती केल्या होत्या. विचारून काढणारे, काढून विचारणारे आणि कॅमेऱ्यातून डोळाच न काढणारे. हा मधल्या जातीतला. त्यातल्या त्यात बरा.

समुद्र इथून चार तासांवर होता. सगळे तिकडेच निघालेले असत, सुट्टी तिकडेच असे. पण वाटेत एक रात्र या तीन खोल्यांच्या लॉजवर काढायची, ती पहाटेच्या या एका फोटोसाठी. धुकं, नदी आणि उभा राहून वल्हवणारा म्हातारा.

पूर्वी रस्ता या काठाशी संपत असे आणि पुढचा रस्ता म्हणजे नावाडी. चाळीस वर्षं त्याने माणसं पलीकडे नेली. मग पूल झाला आणि एका दिवसात उतारू संपले. नावाडी तरी रोज पहाटे रिकामी नाव पलीकडे नेऊन आणत राहिला. लाकूड कोरडं पडलं की फुटतं, म्हणे. एकदा एका फोटोवाल्याची गाडी इथे बंद पडली, त्याने तो फोटो काढला, त्याला कुठलंसं बक्षीस मिळालं, आणि लॉजच्या खोल्या पुन्हा भरू लागल्या.

हे सगळं ठीक होतं. मागच्या आठवड्यापर्यंत.

मागच्या आठवड्यात नावाडी पलीकडे गेला आणि परत आलाच नाही. मावशी पुलावरून धापा टाकत गेली तेव्हा हा नावेत शांत बसलेला. "उतारू नाहीत अजून," म्हणाला. चार उतारू झाल्याशिवाय नाव सोडायची नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नियम. पूल झाल्याचं तो विसरला होता, नियम विसरला नव्हता. शेवटी मावशीने कामावर निघालेल्या चार बायांच्या हातापाया पडून त्यांना नावेत बसवलं, तेव्हा कुठे स्वारी हलली. मुलीला फोनवर तिने सांगितलं, वल्ह्यात शेवाळ अडकलं होतं. खरं सांगितलं असतं तर मुलगी संध्याकाळच्या आत दारात उभी राहिली असती. आधी डॉक्टर, मग लॉजला कुलूप.

त्यानंतरच्या आठ दिवसांचा मावशीने हिशेब ठेवला होता. पाच दिवस शहाण्यासारखे, तीन दिवस धुक्यातले. काल तर त्याने नाव घासली, तिला टोमणाही मारला, "अगं, तुझ्या चहापेक्षा नदीचं पाणी दाट आहे." म्हणून आज तिने त्याला जाऊ दिलं. पाचाला तीन, म्हणजे जमेची बाजू वर होती.

नाव निघाली. कॅमेरे टकटक वाजले. नावाडी ताठ उभा, एका लयीत वल्हं मारत धुक्यात शिरला आणि पुसला गेला.

"काय माणूस आहे!" सर म्हणाला. "आता येताना एक मिळाला की झालं."

जायला दहा मिनिटं, यायला दहा. मावशीने चहा आणला. पेले रिकामे झाले. धुकं विरळ झालं, ऊन आलं, पलीकडच्या काठावरची झाडं एकेक करून दिसू लागली. नाव नाही.

"मावशी, रोज एवढा वेळ लागतो?"

"लागतो कधी कधी." तिने पेले धुवायला घेतले आणि धुतलेलाच पेला पुन्हा धुतला.

दोघं पोरगेले साथीदार ट्रायपॉड मिटू लागले. "सर, निघू या. भरतीच्या आत पोचायचंय."

मावशीने पदराला हात पुसले. "सर, पुलाच्या पलीकडे मला सोडाल का? तुमची वाटच आहे."

गाडी पुलावर चढली. मग मावशी सगळं बोलली. उतारू, नियम, शेवाळाची थाप, पाच आणि तीन. सर गाडी हळू चालवू लागला.

"पुढच्या महिन्यात सहा जणांना घेऊन येणार होतो," तो म्हणाला.

"या की. खोल्या आहेत. नाव नाही. आजची शेवटची."

"मग थांबायचं कशाला?" तोंडातून निसटलं आणि त्याने जीभ चावली.

"झोपायला," मावशी म्हणाली. "लोक रात्री झोपतातसुद्धा, सर."

पलीकडे गाडी उभी करून चौघं खाली उतरली. नावाडी तिथेच होता. वल्हं मांडीवर आडवं, पाठ ताठ. निदान नावेत आहे, पाण्यात नाही.

"अहो, चला आता. घरी जाऊ."

त्याने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, ओळखीच्या कुठल्याही खुणेशिवाय. "बसा बाई. एकट्याच आहात? चार झाल्याशिवाय सुटत नाही."

बाई. तुम्ही. पंचेचाळीस वर्षांत हा माणूस तिला 'अगं'शिवाय काही म्हणाला नव्हता. मावशीने नावेची कड धरली, पाय आत टाकला आणि उतारूंच्या फळीवर बसली. दुसरं काय करणार?

सरने साथीदारांकडे बघितलं.

"सर, भरती..." एक जण पुटपुटला.

"पाच मिनिटं," सर म्हणाला. "बसा दोघं."

"ती तिपाई आडवी ठेवू नका, जागा अडते," नावाड्याने दटावलं. "पोरांनो, मधे बसा. हालचाल नाही. बुडालात तर मला सांगायचं नाही."

पोरं ट्रायपॉड उभा धरून मधे बसली. नावाड्याने एक, दोन, तीन, चार अशी डोकी मोजली, वल्ह्याने काठ ढकलला आणि नाव सुटली. मधल्या पाण्यावर ऊन असं पडलं होतं की फोटोवाल्याने जीव टाकावा. सरचा कॅमेरा पिशवीत बंद होता. त्याने पिशवीवर दोन्ही हात ठेवले होते.

वल्हं लयीत पडत होतं. हातांना सगळं आठवत होतं. मावशी त्या हातांकडेच बघत राहिली.

"नवीन दिसता," नावाडी म्हणाला. उतारूंशी दोन शब्द बोलायची त्याची जुनी रीत. "कुणाकडे निघालात?"

मावशीला वाटलं, सांगावं. हलवून, ओरडून सांगावं. पण नाव मधल्या पाण्यात होती आणि वल्हं त्याच्या हातात.

"पलीकडे लॉज आहे ना, तिथे," ती म्हणाली. "आमचे हे वाट बघत असतील."

"असं होय," तो म्हणाला, आणि वल्हं जरा जोराने मारू लागला.