जुना फाटा

तिने भिंतीवरचं मापक काढलं, त्याच्यावरचा चिखल बाहीने पुसला आणि नवीन मापक त्याच खिळ्याला अडकवलं. दहा दिवसांतलं हे तिसरं.

"हेही तेच सांगणार," मागून मामा म्हणाले.

मामा म्हणजे पंख्यांचे फिटर. बोगद्यात बाहेरची हवा ढकलणारा प्रत्येक पंखा त्यांच्या हातचा. निवृत्तीला चार महिने उरले होते, गुडघे कुरकुरत होते, पण शिडीवर दुसऱ्या कोणाला चढू देत नसत. सगळे त्यांना मामाच म्हणत, अगदी साहेबसुद्धा. तिला मात्र मजूर तिच्या पाठीमागे 'मापाडीण' म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि फारसं वाईटही वाटत नव्हतं. बोगदा खोदताना हवेत जाणारा कार्बन निम्म्यावर आणायचा, हे तिचं काम. मापल्याशिवाय ते होणार कसं?

दोन वर्षांत तिने बरंच केलं होतं. डिझेलची धुडं जाऊन बॅटरीच्या गाड्या आल्या. काँक्रीटमधलं निम्मं सिमेंट काढून तिथे राख आणि पोलादाच्या भट्टीची मळी घातली. चोवीस तास घोंघावणारे पंखे आता गरजेपुरते फिरत. माणसांच्या श्वासाने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की मापक खबर देई आणि पंखा सुरू होई. माणसं गेली, हवा निवळली, की बंद.

सगळीकडे हे बिनबोभाट चाललं होतं. फक्त जुन्या फाट्यात नाही. चाळीस वर्षांपूर्वी खोदून अर्ध्यावर सोडलेला हा आडवा बोगदा दीडशे पावलांवर खडकाला थडकून संपत होता. तिथे कोणाचं काहीच काम नव्हतं. तरी रोज दुपारी दीड वाजता आकडा चढू लागे, पंखा लागे आणि दोनच्या सुमारास आपसूक थांबे.

"मापक बिघडलंय असं लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब फोनवर म्हणाले. "सोमवारपासून तो फाटा भरायचाय. कल्पना तुमचीच ना?"

कल्पना तिचीच होती. नव्या बोगद्यातला दगडधोंडा दूर टाकायला न्यायचा तर ट्रकच्या सहाशे फेऱ्या. तोच फाट्यात भरला तर एकही नाही. या एका गोष्टीसाठी वरच्यांनी तिची पाठ थोपटली होती.

"बिघडलेलं नाही, साहेब. तीन बदलली."

"मग चौथं बदला," ते म्हणाले आणि हसले.

त्या दुपारी ती ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत पडद्यासमोर बसून राहिली. दीड वाजला. आकडा हलला. तिने कागद ओढला. फाटा किती लांब, रुंद, उंच, आकडा मिनिटाला कितीने चढतो, एका माणसाच्या श्वासाने किती चढेल, हे मांडलं. शाळेतल्या मुलालाही जमेल असं गणित. पण उत्तर आल्यावर तिने ते पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा. धावपळ करणारी नव्हेत, स्वस्थ बसलेली माणसं. चार.

तिने मामांना बोलावून कागद दाखवला. आपणच हसून विषय उडवावा असं ठरवलं होतं, म्हणून म्हणाली, "मामा, तुमच्या फाट्यात चार जण जेवायला बसतात."

मामा हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"चार कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. हिशेबातून आलं."

त्यांनी कागदावरच्या चारच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा फाटा खोदला तेव्हाही पंख्यावर मीच होतो," ते म्हणाले. "पंखा डिझेलवर चालायचा. जेवणाच्या सुट्टीत फुकट जाळू नका, असा हुकूम होता. मुकादम म्हणाला, सगळे बाहेर आले. मी बंद केला. आत एक इंजिन तसंच धुमसत होतं आणि चार जण सावलीला म्हणून आतच जेवायला बसले होते. दोन वाजता आत गेलो तर डबे उघडे. कोणी धडपडलेलंही दिसत नव्हतं. बसल्या जागी माना टाकलेल्या."

"तुमची काय चूक त्यात, मामा? मुकादमाने सांगितलं."

"मी मोजले नाहीत," मामा म्हणाले.

ते दाराकडे वळले. "भरणार म्हणजे भरणारच?"

"सोमवारी."

"बरं."

रविवारी रात्री तिला झोप अशी लागलीच नाही. सकाळी सासूबाईंनी विचारलंसुद्धा, "काय गं, अंगात कसर आहे का?" ती नुसती मान हलवून निघाली.

सोमवारी भरावाआधी फाट्याची वीज तोडायची होती. अकरा वाजता तिने स्वतः पंख्याचा खटका खाली ओढला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मापक तेवढं त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालू राहिलं. गाड्या तीन वाजता लागणार होत्या.

दीड वाजता ती पडद्यासमोर होती. बघायचं नाही असं ठरवूनही होती. आकडा हलला. तिने पेन्सिल घेतली. पण आज चढण फारच मंद होती. तिने दोनदा भागाकार केला.

एक.

आज एकच माणूस. तिने खिडकीतून पंख्यांच्या शेडकडे पाहिलं. मामांची खुर्ची रिकामी होती. खुंटीवर डब्याची पिशवीही नव्हती.

ती धावत सुटली. बोगद्याच्या तोंडापाशी रखवालदार काहीतरी ओरडला, ते तिला कळलं नाही. मुख्य बोगद्यात बॅटरीची गाडी मांजरासारखी शेजारून निघून गेली. फाट्याशी तिने कुलूप तपासलं. बंद. खटका खाली. छताला टांगलेली हवेची कापडी नळी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती. पंखा आपण बंद केला, आत माणूस आहे, आणि आपणही मोजले नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

"मामा!"

आतून उत्तर आलं नाही. दिव्याच्या उजेडात ती पळत राहिली.

शेवटी, जिथे खडक आडवा येतो तिथे, मामा जमिनीवर मांडी घालून बसले होते. पाठ तिच्याकडे. मान खाली. तिचे पाय थांबले.

मग डब्याचं झाकण खटकन लागलं.

"कशाला धावत आलात, मॅडम?" मामा वळून म्हणाले. "झालंच माझं."

तिने कमरेच्या पट्ट्याचं छोटं मापक काढलं. आकडा बाहेरच्या मोकळ्या हवेइतका होता. तिने ते झटकून पुन्हा पाहिलं. तेवढाच.

"किती वेळ बसलात इथे?"

"अर्धा तास झाला असेल. आधी जरा कोंदट वाटलं. जीव घाबरा झाला, खरं सांगतो. मग तुम्ही पंखा लावलात, बरं झालं." मामांचे विरळ पांढरे केस मागे उडाले होते, वाऱ्याला तोंड करून बसलेल्या माणसाचे असतात तसे. "चांगला गार वारा आला. जेवण गोड लागलं."

तिने खिशातली कुलपाची किल्ली चाचपली.

"लावलात ना?"

"हो," ती म्हणाली.

मामांनी तिच्या हाताचा आधार घेऊन गुडघे सरळ केले, पिशवी खांद्याला लावली आणि एकदा खडकाकडे पाहिलं.

"भरा आता," ते म्हणाले. "काही हरकत नाही."

ते फाट्याच्या तोंडाच्या दिशेने चालू लागले. तीही त्यांच्या मागून निघाली. धावून तिच्या मानेवर घाम आला होता, आणि त्या ओल्या मानेला वारा लागत होता, पाठीमागून, खडकाच्या बाजूने.