एक संच ठेवायचा

"हा ठेवायचा. हा काढायचा," पुंडलिकराव म्हणाले, आणि काढायचा म्हणून मासिकांचा जो खंड खाली सतरंजीवर पडला तो उकंडाच्या हातचा होता.

"अन हा, सायब?"

"हाही काढायचा."

तोही उकंडाचाच. निळ्या कापडाची पाठ, त्यावर पांढऱ्या रंगात साल. उकंडानं तो उचलून फडक्यानं पुसला आणि पुन्हा सतरंजीवरच ठेवला. काय करता? साहेबाच्या तोंडाला हात लावता येतो काय?

तर गोष्ट अशी होती. पुसदला एक ट्रेनिंग कॉलेज होतं, मास्तर तयार करायचं. उकंडा तिथं ग्रंथालयात शिपाई. पण नुसता शिपाई नाही बरं का. तरणाबांड असताना एका छापखान्यात खळ ढवळता ढवळता बांधणीचं काम शिकून घेतलेलं. मासिकाचे वर्षभराचे अंक जमले की एकत्र शिवायचे, जाड पुठ्ठा चढवायचा, पाठीला कापड लावायचं, हे सगळं त्याच्याच हातचं. खळीत मोरचूद इतकं बेतानं घालायचा की कसर जवळ फिरकत नसे. आणि कड? छापखान्याच्या मशीनवर कापून आणलेली त्याची कड म्हणजे नुकत्याच दाढी केलेल्या गालावरून हात फिरवावा तशी.

यवतमाळच्या एका कॉलेजात हेच काम नजीर नावाचा माणूस करायचा. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

सन चौसष्टच्या उन्हाळ्यात दोन्हीकडच्या प्रिन्सिपलांचं बोलणं झालं. दोघांकडे जागेची बोंब. दोघांकडे येणारी मासिकं तीच, शेतकीचं तेच, शिक्षणाचं तेच, विज्ञानाचं तेच. मग एकाच गोष्टीला दोन दोन कपाटं कशाला अडवायची? पुसदच्या कॉलेजला कापसाचं एक जुनं गोदाम मिळालं होतं. ठरलं की सगळी जुनी मासिकं त्या कोठीत आणायची, दोन संचांतला चांगला ठेवायचा, दुसरा रद्दीत घालायचा. यवतमाळच्या प्रोफेसराला काही वाचायचं असलं तर एसटीनं पाठवायचं.

हे ऐकून उकंडा आठवडाभर छाती काढून फिरला होता. चहाच्या टपरीवर दिसेल त्याला सांगत होता, "जिल्ह्याची मासिकं आता माह्या हाताखाली राह्यतीन." कोठी आपली, तर तिच्यात राहणारा संचही आपलाच, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. दुसऱ्या कोणाचा संच चांगला असू शकतो, हे मनाला शिवलंच नाही.

"सायब, पण याच्यात खोट काय हाय ते तं सांगा," शेवटी त्यानं विचारलं.

पुंडलिकरावांनी दोन्ही खंड उघडून शेजारी ठेवले. पुंडलिकराव म्हणजे ग्रंथपाल, माणूस मऊ. "हे पाह्य. नजीरनं दर अंकाचं कव्हर आत शिवलं आहे. तू फाडून टाकलं. कोणता लेख कोणत्या पानावर, ते त्या कव्हराच्या आतल्या बाजूला छापलेलं असते. आता तुझ्यात लेख शोधायचा कसा?"

"एवढा जाड पुठ्ठा चढवल्यावर आतला तो पातळ कागद कायले ठेवाचा? सदऱ्याच्या आत कोनी सदरा घालते का?"

पुंडलिकराव हसले. "मीही इतकी वर्षं पाहिलं नाही रे. चूक माझीही आहे. पण ठेवायचा तर एकच."

"अन ह्या नजीरची कड पाहा जराशी. बोकडाची दाढी बरी. मशीन दिसलं नाही का त्याले कधी?"

"कड कोण वाचते, उकंडा?"

त्या दिवशी घरी गेला तो भिंतीकडे पाहत बसला. फाडलेली कव्हरं तिथं होती. गाई, गव्हाच्या ओंब्या, ट्रॅक्टरवर बसलेला फेटेवाला. उरलेली पोरांच्या पाटीपुस्तकांवर चढलेली. बायकोनं, नंदाबाईनं, हौसेनं खळ लावून चिकटवली होती.

"अवो, जेवत काहून नाही? कोन मेलं?" नंदाबाई म्हणाली.

त्यानं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं.

"म्हणजे तुमची लेकरं रद्दीत अन सवतीचं पोर घरात."

"अन पुसापासाचं मीच."

"मंग काय. चांगलं न्हाऊमाखू घाला, काजळतीट करा. मी दृष्ट काढाले येतो."

हसण्यासारखं होतं, पण उकंडानं ताट बाजूला सारलं.

रद्दीवाला आला तेव्हा तर कहर झाला. पुठ्ठ्याचं वजन धरत नाही म्हणाला, आणि कोठीच्या दारातच एकेका खंडाचे पुठ्ठे ओढून काढू लागला. ते निघता निघेनात. "कोन्या चांभारानं शिवले बाप्पा हे?" तो पाय देऊन ओढत म्हणाला. उकंडा आत गेला आणि नजीरच्या खंडांवरची धूळ झटकत राहिला. इतक्या जोरानं, की धूळ त्याच्याच डोळ्यांत गेली.

संच लावता लावता एक गोष्ट कळली. शेतकी मासिकाच्या एका सालात नजीरकडे चार अंकच नव्हते.

"आपल्या रद्दीतल्या त्या सालच्या खंडात असतील ना?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"नाही सायब. ते साल उधईनं खाल्लं."

खोटं होतं. ते साल धडधाकट होतं, आणि उकंडानं ते रद्दीवाल्याच्या हाती लागू न देता कोपऱ्यातल्या रिकाम्या बारदान्याखाली सरकवलं होतं. लपवताना नीटसं काही ठरवलं नव्हतं. पण उधई हा शब्द तोंडातून गेला आणि कित्येक दिवसांनी पोटात थंड वाटलं. राहू दे म्हटलं नजीरच्या तोंडात एक दात पडलेला. जन्मभर राहू दे. रोज येता जाता तो त्या बारदान्यापाशी थांबायचा, खाली दबलेला खंड अंगठ्यानं दाबून पाहायचा आणि पुढं जायचा.

मग एक दिवस नजीरच आला. उरलेलं बंडल घेऊन एसटीनं आलेला, बारीक चणीचा, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला माणूस. उकंडानं मनात त्याला चांगला धिप्पाड, मिशीवाला करून ठेवलं होतं. हा असा पाहून त्याला आणखीच राग आला.

"उकंडाभाऊ ना तुमी? सलाम."

"जयभीम. या."

नजीर मांडणीवरून हात फिरवत फिरवत टोकापर्यंत गेला. एकही खंड काढला नाही. परत येऊन उंबरठ्यावर टेकला.

"चांगलं ठेवलं हो. माह्यापेक्षा चांगलं."

"ठेवा लागते. नोकरी हाय."

"तिकडं भिंत उघडी पडली आता. सायबानं तिथं टेबलटेनिसचा टेबल टाकला. दिवसभर टक टक, टक टक. मले म्हणते, नजीर, तुहं काम हलकं झालं." त्यानं चष्म्याची काडी सारखी केली. "तुमचं नशीब बरं हाय."

"माहं?" उकंडाचा आवाज चढला. "माहे सारे वाण्याच्या पुड्या झाले, नजीरभाई. गूळ बांधून देऊन राह्यले त्याच्यात."

"ते बी खरंच. पन तुमी तं हाव ना इथं. माहे इथं हायेत अन मी तिथं. अल्ला कसम, रस्ताभर तुमच्यावर जळतच आलो मी."

उकंडानं त्याच्याकडे नीट पाहिलं. आपल्यावर कोणी जळावं असं आपल्याजवळ काही आहे, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

"त्या सालचे चार अंक तेवढे गेले," नजीर म्हणाला. "माह्या बायकोले, हुस्नाबीले, घेऊन नागपूरच्या दवाखान्यात गेलतो. मागं कॉलेजात कोन्या शहाण्यानं बंडल अंगनात ठेवलं, पानी पडलं. वाचली ती, पन ते साल काही भरलं नाही. पुंडलिकराव सांगत होते, तुमच्याकडं उधई लागली म्हणून."

उकंडा उठला. कोपऱ्यातला बारदाना बाजूला केला आणि खंड आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

नजीरनं पानं चाळली. एक भोक नाही, एक डाग नाही. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"मोठी सुधरलेली उधई हाय तुमच्याकडली."

उकंडा चाकू घेऊन बसला आणि आपल्याच हातची शिवण उसवू लागला. मेण लावलेला दोरा, सहजी कुठला तुटतो. नजीर दुसऱ्या बाजूनं पानं धरून होता.

"पक्की शिवली हो," तो म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात.

चार अंक सुटे झाले. नजीरचा खंडही उसवला, अंक जागेवर घातले. दाभण नजीरनं हातात घेतलं नाही. "तुमीच शिवा," म्हणाला. उकंडानं शिवलं. पुठ्ठा चढवून खंड उभा धरला तेव्हा दिसलं. मशीनवर कापलेले उकंडाचे अंक नजीरच्या पानांपेक्षा बोटभर आखूड होते.

नजीरनं त्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "घेऊन जाऊ छापखान्यात. माही कड कापून टाका. सारे सारखे होतीन."

इतके दिवस उकंडाला हेच तर हवं होतं. ती बोकडाची दाढी एकदा मशीनखाली यावी. आणि आता तिचा मालक स्वतःच मान पुढं करून बसला होता. उकंडानं खंड उघडून नजीरच्या पानांचा समास पाहिला. वरच्या बाजूला, पानाचा आकडा छापला होता तिथं, जागा फारशी नव्हती; त्याच्या स्वतःच्या अंकांत ते आकडे केव्हाच उडाले होते.

"राहू द्या," तो म्हणाला. "आकडे कटतीन."

शेवटची एसटी पकडायला नजीर निघून गेला. खंड खळ वाळेपर्यंत दगडाखाली राहिला आणि मग आपल्या सालाच्या जागी गेला. वरून पाहिलं की त्याच्या मधोमध एक खाच दिसते. कोठीच्या आढ्याला चिकटलेला जुना कापूस अजून कधी कधी सुटतो, तरंगत खाली येतो आणि नेमका तिथं बसतो. सकाळी कुलूप उघडलं की उकंडा आधी तिथं जातो, खाचेत बोट घालतो आणि तो पुंजका काढून घेतो.