सहाशे अकरा सह्यांची पेटी

मित्रांनो, मी जन्मानं पेटी नाही. आधी मी तेलाचे नऊ डबे होते. परदेशातून मदत म्हणून आलेलं तेल संपलं, डबे रिकामे झाले, आणि लेहबीब लोहारानं ते ठोकून सपाट केले, कडा दुमडल्या, रिबिटी मारल्या आणि मला आकार दिला. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला 'विक्रीसाठी नाही' ही अक्षरं अजून शाबूत आहेत. हा माझा अभिमानाचा विषय आहे. सगळ्याच पेट्यांना असं म्हणता येत नाही.

माझा मुक्काम स्मारा नावाच्या छावणीत, अल्जीरियाच्या दगडी वाळवंटात. खरं स्मारा शहर इथून लांब आहे, मोरोक्कोच्या सैन्यानं घातलेल्या वाळूच्या भिंतीपलीकडे. तिथं आधी स्पेनचं राज्य होतं. स्पेन तो मुलूख सोडून गेला, मोरोक्कोचं सैन्य आलं आणि तिथली सहरावी माणसं ट्रकांतून, काही पायी, इकडे आली. येताना गावांची नावं तेवढी बरोबर आणता आली, ती त्यांनी छावण्यांना दिली. पुढे लढाई थांबली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की मतदान होईल, तुमच्या मुलखाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. ते मतदान अजून झालेलं नाही.

माझ्या जन्माला शेळ्या कारण झाल्या. तेकबर नावाची शिक्षिका घरोघर फिरून एका अर्जावर सह्या गोळा करत होती. अर्जात एवढंच होतं: आम्हाला विचारू म्हणाला होतात, मग विचारा. दोनशे सह्या झाल्या. त्या तिनं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून तंबूच्या आडोशाला ठेवल्या. आता आमच्याकडे गवताचं पातं उगवत नाही, त्यामुळे शेळ्या पुठ्ठा खातात. त्यांनी खोकं खाल्लं आणि तोंडी लावायला अर्जही खाल्ला.

तेकबरची आई लेहदिया जिभेची तिखट. ती म्हणाली, "अगं, रडतेस काय? तुझा अर्ज पोचला. पोटात पोचला, एवढंच."

"आई, दोनशे सह्या होत्या!"

"मग पुन्हा घे. माणसं कुठं पळून चाललीत? पळून झालंय आपलं एकदा."

तेकबर तशीच उठून लेहबीबकडे गेली. तो म्हणाला, "अशी पेटी देतो की शेळीचे दात पडतील, पण आतला कागद हलायचा नाही." चार दिवसांत मी तयार झाले. मित्रांनो, त्यानं शब्द पाळला. एका शेळीनं माझी कडी चावून पाहिली होती, पुन्हा ती माझ्या वाटेला गेली नाही.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. तेकबर मला ढकलगाडीवर घालून तंबूतंबूंत न्यायची. सही घेणं हे दोन मिनिटांचं काम आहे असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे तसं नाही. आधी निखारे, मग चहा, आणि चहाचा तिसरा पेला झाल्याशिवाय कुणी पेनाला हात लावत नाही. दुसऱ्या पेल्यावर उठणं म्हणजे त्या घराचा अपमान. त्यामुळे दिवसाला पाच-सहाच घरं व्हायची. पण तेवढ्या वेळात अर्जातली ओळ न् ओळ वाचून, तिच्यावर भांडून झालेली असायची. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय हे पक्कं ठाऊक असायचं. माझं कौतुकही फार व्हायचं. म्हाताऱ्या माझ्यावर हात फिरवून म्हणायच्या, "आमचं मत सध्या इथं राहतं."

एका वर्षी सहाशे अकरा सह्यांचा अर्ज युरोपातल्या एका मोठ्या कार्यालयाकडे गेला. तो आमाया घेऊन गेली. आमाया स्पेनमधल्या बिल्बाओची. उन्हाळ्यात छावणीतली मुलं तिच्या आईबापांच्या घरी राहायला जायची, तेव्हापासून ती आमचीच. अर्ज मान्य झाला तर त्या कार्यालयासमोर तेकबरला उभं राहून बोलायला मिळणार होतं. लेहदियाची नजर तोवर अधू झाली होती. ती म्हणायची, "मी मरायच्या आत कुणीतरी मला एकदा विचारलं पाहिजे. उत्तर तयार आहे माझं."

दोन महिन्यांनी आमाया आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. तिच्या हातात पत्र होतं. अर्जदारांच्या जन्मतारखा विश्वसनीय वाटत नाहीत, तीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज निकालात काढू, असं त्यात होतं.

"तेकबर, सहाशे अकरा माणसं," आमाया म्हणाली, "सगळी एक जानेवारीला जन्मलेली?"

तेकबरनं कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती. छापील कागदावर दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटी होत्या. वर्षाचा अंदाज सगळ्यांना होता, दिवस कुणालाच नाही. चौकट रिकामी ठेवली तर अर्ज परत येईल या भीतीनं तिनं सरसकट एक जानेवारी लिहून टाकलं होतं.

लेहदिया कोपऱ्यातून म्हणाली, "एका दिवसात सहाशे अकरा बाळंतपणं! अगं, एवढ्या सुइणी कुठून आणल्यास?"

सगळे हसले. तेकबर हसली नाही. माझ्या झाकणावर डोकं टेकून ती रडली. मला त्या क्षणी मी निर्जीव असल्याचं फार वाईट वाटलं.

"मग खरं काय ते लिहा ना," आमाया म्हणाली. "लेहदियाबाई, तुम्ही कधी जन्मलात?"

"टोळांच्या साली. हे काय विचारणं झालं?"

इथं मला थोडं सांगायला हवं. आपल्या मुलखात उंट घेऊन फिरत असताना ही माणसं वर्षांना आकडे देत नसत, नावं देत. जे घडलं ते नाव. दोनदा हिरवळ आली ते साल. उंटांना खरूज झाली ते साल. विहीर बुजली ते साल. आमायानं वही उघडली. "तीन चौकटी सोडा," ती म्हणाली. "सालांची नावंच लिहू."

पुढचे वीस दिवस ढकलगाडी थांबली नाही. चहा किती झाला याची गणती नाही. म्हातारे हमरीतुमरीवर यायचे. खरूज आधी की विहीर आधी? पण एकमेकांना कधी न भेटलेली, छावणीच्या दोन टोकांची माणसं सालांचा तोच क्रम सांगत होती. वहीत सालांची रांग लागली, आणि त्या रांगेत मुलखात जन्मलेली सगळी माणसं आपापल्या जागी जाऊन बसली.

लेहदियाच्या सालाबद्दल मात्र शंका निघाली. म्हणून तिच्या बहिणीला फोन लावला. मिनतू भिंतीपलीकडे, बुजदूरमध्ये राहते. दोघी बहिणींनी पस्तीस वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"टोळांचं साल?" मिनतू फोनवर ओरडली. "डोकं फिरलं का तुझं? टोळांच्या साली मी जन्मले! तू तर तेव्हा उंटिणीच्या मागे पळायचीस."

"मी धाकटी आहे!"

"थोरली आहेस! आईनं मला सांगितलंय. तू दोन हिरवळींच्या सालची. साठ वर्षं धाकटी म्हणून मिरवलीस, लबाड कुठली!"

दोघी अर्धा तास भांडल्या. तेकबरनं हळूच विचारलं, "मावशी, तुझं नाव घालू अर्जात?"

"नाव नको गं. इथं दारावर चौकशीला सरकारी माणसं येतात. पण माझं साल लिही. सालाला कोण पकडणार?"

तेकबरनं शेवटी आईला विचारलं, "आणि माझं साल कोणतं?" ती छावणीतल्या पहिल्या हिवाळ्यात जन्मलेली.

"निघालो ते साल, तिथंच नावं संपली, पोरी," लेहदिया म्हणाली. "इथं सगळी सालं सारखीच. नाव कशाचं द्यायचं?"

तेकबरनं स्वतःच्या ओळीत लिहिलं: सालाला नाव नाही.

खुलासा वेळेत पोचला. अर्ज मान्य झाला. तेकबर त्या कार्यालयात दहा मिनिटं बोलली. त्यांनी म्हणणं नोंदवून घेतलं आणि आभार मानले. एवढंच झालं, मित्रांनो. जास्त सांगितलं तर खोटं होईल. लेहदियानं विचारलं, "मतदान कधी?" तेकबरनं निखारे फुलवले आणि चहा ठेवला.

लेहदिया दोन वर्षांनी गेली. जाण्याच्या आदल्या आठवड्यात तिनं सालांची वही मागवली. दिसत नव्हतं, पण शेवटच्या ओळीवर तिनं बरोबर बोट ठेवून घेतलं. 'निघालो ते साल' या ओळीखाली तिनं तेकबरला पानभर मोकळी जागा सोडायला लावली आणि पानाच्या तळाशी एक ओळ लिहून घेतली.

आता सह्या संगणकावर जातात. मी भिंतीशी असते. माझी एक बिजागरी गंजली आहे आणि घरात माझ्यात पीठ ठेवायचा विचार चालू आहे. पीठ ठेवायला माझी हरकत नाही, पण वही बाहेर काढू नका. आणि मित्रांनो, तुमच्या दाराशी कुणी असा अर्ज घेऊन आलं, तर त्या माणसाला उभ्या उभ्या वाटेला लावू नका. बसवा, वाचा, पटलं नाही तर भांडा. पटलं तर सही करा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याचं साल विचारून लिहून ठेवा. उद्या कुणी पुरावा मागितला तर आकडे कमी पडतात.

लेहदियानं लिहून घेतलेली ओळ माझ्यात आहे. आमच्याकडे आधी साल येतं, त्यात काही घडतं, मग नाव पडतं. या एकाच सालाचं उलटं झालं आहे. 'आम्हाला विचारलं ते साल' असं नाव ठेवून झालंय. साल जन्माला यायचं राहिलंय.